एका वर्षात दोन महाराष्ट्र केसरी. खान्देशातल्या पैलवानाने कुठल्या आखाड्यात उतरायचं?

२०२५ चा महाराष्ट्र केसरी कोण? प्रश्न सोपा आहे, पण उत्तरं दोन आहेत. २ फेब्रुवारीला अहिल्यानगरमध्ये पृथ्वीराज मोहोळने महेंद्र गायकवाडला हरवून गदा खांद्यावर घेतली. दोन महिनेही झाले नाहीत, तोच मार्चअखेरीस त्याच जिल्ह्यातल्या कर्जतमध्ये वेताळ शेळकेने पृथ्वीराज पाटीलला हरवून गदा खांद्यावर घेतली. दोन्हीकडे किताब एकच, महाराष्ट्र केसरी. गंमत म्हणजे अहिल्यानगरची स्पर्धा ६७ वी होती आणि तिच्यानंतर झालेली कर्जतची ६६ वी.

इतर ठिकाणी यावर मीम होतात. जळगाव-धुळ्यात हा हसण्याचा विषय नाही, आणि त्याचं कारण आहे विजय चौधरी.

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या या पैलवानाने २०१४ ला अहमदनगर, २०१५ ला नागपूर आणि २०१६ ला पुण्यातल्या वारजे इथे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी मारली. तिसऱ्या वेळी समोर अभिजित कटके होता, जो पुढच्याच वर्षी स्वतः महाराष्ट्र केसरी झाला. त्याआधी सलग तीन किताब होते ते नरसिंग यादवच्या नावावर, २०११ ते २०१३. विजयला पुढे राज्य सरकारने थेट पोलीस उपअधीक्षक केलं आणि २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला झालेल्या जागतिक पोलीस स्पर्धेत त्याने १२५ किलो गटात सुवर्णपदक आणलं. यात्रेच्या दंगलीत नारळावर कुस्ती धरणाऱ्या आपल्याकडच्या पोराला आणि त्याच्या खुराकासाठी म्हैस बांधणाऱ्या बापाला या गोष्टीतून एक सरळ हिशोब समजला: गदा आली की वर्दी येते. आता गदाच दोन झाल्यावर हा हिशोब कसा जुळवायचा?

यादीतल्या रिकाम्या जागा

सवयीप्रमाणे मी विजेत्यांची सगळी यादी एक्सेलमध्ये भरली. (इंजिनिअरिंगच्या पदवीचा बातमीदारीत झालेला हा बहुधा एकमेव उपयोग.) १९६१ ला औरंगाबादमध्ये दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. दुसऱ्याच वर्षी स्पर्धा आली धुळ्याला आणि भगवान मोरे जिंकले. १९६६ ला जळगावात दीनानाथ सिंह जिंकले, जे नंतर हिंदकेसरीही झाले. म्हणजे पहिल्या सहा वर्षांत दोनदा हा मान खान्देशाकडे होता. आज पुणे-नगरकडे पाहत बसणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगितलं, तर निम्म्यांना पटत नाही.

पण यादी भरताना माझं लक्ष गेलं ते रिकाम्या रकान्यांकडे. १९६३ ला साताऱ्यात कुणालाच किताब नाही. १९८९ ते १९९१ अशी सलग तीन वर्षं कुणाचंच नाव नाही. आणि १९७७, ठिकाण चाळीसगाव, निकाल अनिर्णित. ज्या तालुक्याने पुढे तीन वेळचा विजेता दिला, त्याच तालुक्याच्या आखाड्यातून त्या वर्षी गदा कुणाच्याच घरी गेली नाही.

आजच्या गोंधळाकडे पाहताना हा रकाना मला महत्त्वाचा वाटतो. निकाल लागला नाही तर तसं लिहून मोकळं व्हायचं, यात किताबाची अब्रू गेली नव्हती, उलट राहिली होती. लक्ष्मण वडार, दादू चौगुले, चंबा मुतनाळ यांच्या दोन-दोन किताबांना वजन आहे, कारण त्या-त्या वर्षी दुसरा कुणी तोच किताब मिरवत नव्हता.

फाटलं कुठे?

२०२२ पर्यंत स्पर्धा भरवायची ती महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही संस्था, आणि त्यांच्याच स्मरणार्थ मोहोळ कुटुंब चांदीची गदा देतं. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला पृथ्वीराज पाटील जिंकला. रोख बक्षीस मिळालंच नाही, ही खंत त्याने तेव्हा जाहीरपणे बोलून दाखवली होती. त्यानंतर काही महिन्यांतच भारतीय कुस्ती महासंघाने परिषद बरखास्त केली. रामदास तडस यांच्या नेतृत्वाखालचा कुस्तीगीर संघ पुढे आला, परिषदेने माघार घेतली नाही आणि वाद कोर्टात गेला. परिषदेच्या बाजूला शरद पवार, संघाच्या बाजूला भाजपचे तडस, त्यामुळे प्रकरण फक्त कुस्तीचं राहिलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

जानेवारी २०२३ ला कोथरूडमध्ये शिवराज राक्षे जिंकला. त्याला गदेबरोबर थार गाडी आणि पाच लाख रुपये मिळाले. नऊ महिन्यांपूर्वी रोख रक्कम नव्हती, आता गाडी दारात. स्पर्धा दोन संघटनांची झाली की बक्षीस वाढतं, एवढा फायदा मान्य करायला हवा.

पण खरी गंमत झाली त्याच वर्षी नोव्हेंबरात. १० तारखेला पुण्याजवळच्या फुलगावात सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं. दहा दिवसांनी धाराशिवमध्ये दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धेत तोच शिवराज उतरला, अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीरला हरवलं आणि महाराष्ट्र केसरी झाला. यात शिवराजची काही चूक नाही, मैदान समोर आलं की पैलवान लढणारच. पण दहा दिवसांपूर्वी अंतिम फेरी हरलेला मल्ल त्याच किताबाचा मानकरी ठरतो, तेव्हा किताब नेमकं काय मोजतो? स्पर्धांच्या क्रमांकाचा घोळही इथलाच. कोथरूडची स्पर्धा संघासाठी ६५ वी, धाराशिवची परिषदेसाठी ६५ वी.

आणि ज्या महासंघाच्या मान्यतेवर हे भांडण चाललंय, तो त्या नोव्हेंबरात स्वतःच जागतिक कुस्ती संघटनेकडून निलंबित होता.

अमेरिकेतही १९६३ लाच

डब्ल्यूडब्ल्यूई पाहत मोठे झालेल्यांसाठी एक जुळणारा किस्सा. जानेवारी १९६३ मध्ये टोरांटोत लू थेझने बडी रॉजर्सकडून जागतिक हेवीवेट किताब घेतला. लढत एकाच फॉलची होती. किताबाची कुस्ती तीनपैकी दोन फॉलची असते, असं म्हणत ईशान्य अमेरिकेतल्या आयोजकांनी निकाल नाकारला आणि रॉजर्सलाच आपला चॅम्पियन ठरवलं. मे महिन्यात ब्रुनो सॅमार्टिनोने त्याला ४८ सेकंदांत हरवलं. आज डब्ल्यूडब्ल्यूईचा जो मुख्य पट्टा आपण पाहतो, त्याचा इतिहास या भांडणापासून सुरू होतो. तिथे ते खपून गेलं, कारण तिथले निकाल आधीच ठरलेले असतात. दोन पट्टे असले की दोन कार्यक्रमांची तिकिटं विकली जातात, कुणाची नोकरी अडत नाही.

आपल्याकडे खांदे खरोखर टेकतात, किंवा टेकत नाहीत. अहिल्यानगरला याच मुद्द्यावर राक्षेने पंचांना लाथ मारली. गादी विभागात मोहोळविरुद्ध त्याला चीतपट दिलं गेलं आणि दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं त्याचं म्हणणं होतं. अंतिम लढतीत गायकवाडनेही पंचांशी वाद घालत शेवटच्या क्षणी मैदान सोडलं. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन होऊ शकत नाही. पण पंचांवरचा भरवसा एका दिवसात उडालेला नाही. कोथरूडला सिकंदर आणि गायकवाड यांच्या लढतीत बाहेरच्या टांगेला दिलेल्या गुणांवरून राज्यभर वाद झाला होताच.

जळगाव-धुळ्याच्या पोराचं काय?

राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. मात्र त्याआधी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. आपल्या जिल्ह्यांसाठी हे काम नाशिकच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडे आहे. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, हे तिथे बघितलं जातं. गदा केवढी होती आणि मैदानावर किती लाख लोक होते, याला त्या टेबलावर किंमत नाही.

पुन्हा, महाराष्ट्र केसरी गट ८६ ते १२५ किलोचा. या वजनाला शरीर आणायला वर्षं जातात आणि तिथे टिकायची वर्षं थोडी असतात. त्यातलं एखादं वर्ष ज्या संघटनेची मान्यता पुढे कोर्टात किंवा दिल्लीत पडेल तिच्या आखाड्यात गेलं, तर ते परत मिळत नाही. विजय चौधरीने तीन गदा मारल्या तेव्हा त्याला हा विचार करावा लागला नव्हता.

तोडगा निघेपर्यंत करता येण्यासारखं एकच आहे. निवड चाचणीचं पत्रक हातात आलं की तारीख आणि ठिकाणाआधी खाली कोणत्या संघटनेचं नाव छापलंय ते वाचा. त्या वर्षी त्या संघटनेचं प्रमाणपत्र नोकरीला चालतं का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून लेखी घ्या. वजन द्यायला त्यानंतर जा.