दोन जादा ब्रासवर उभा असलेला धंदा

22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. मूळ किंमत 36 लाख असलेल्या टिपरवर हा फरक थेट 3 लाख 60 हजारांचा पडतो. तेव्हापासून आमच्या ओळखीतल्याच तीन-चार घरांमध्ये दस्तरखानावर एकच विषय निघतोय : हायवा घेऊ या का? अब्बांचे निवृत्तीचे पैसे, अम्मीचं सोनं, थोडं मामूकडून, बाकी फायनान्स. मुलाकडे हेवी लायसन्स आहे, दुसऱ्याच्या गाडीवर पाच वर्षं काढली आहेत. आता स्वतःची गाडी का नको?

प्रश्न रास्त आहे. आपल्या समाजात ड्रायव्हर, मेकॅनिक, बॉडी बिल्डर, टायरवाले भरपूर; गाडीचे मालक त्या मानाने कमी. सच्चर समितीने 2006 मध्येच लिहून ठेवलं होतं की मुस्लिमांमध्ये पगारी नोकरीपेक्षा स्वयंरोजगार जास्त आहे आणि बँकांच्या कर्जातला वाटा मात्र तोकडा आहे. हातात हुनर आहे, भांडवल नाही. म्हणून कुणी स्वतःची गाडी घ्यायला निघाला तर आम्हाला आनंदच आहे.

कामही आहे. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, पण पुण्याचा रिंगरोड, मेट्रोची कामं, गावोगावची घरकुलं चालूच आहेत. मे 2025 मध्ये राज्य सरकारने कृत्रिम वाळूचं, म्हणजे एम-सँडचं धोरण मंजूर केलं. नदीच्या वाळूची जागा हळूहळू क्रशरची वाळू घेणार. ही सगळी खडी, कच, मुरूम कुणीतरी वाहूनच न्यायची आहे.

मग अडचण कुठे आहे? अडचण हिशेबात आहे. आणि तो हिशेब शोरूममध्ये कुणी पूर्ण सांगत नाही.

दहाचाकी टिपरच्या आरसीवर एकूण वजन 28,500 किलो लिहिलेलं असतं. रिकाम्या गाडीचंच वजन साडेअकरा-बारा टन. म्हणजे माल भरायला उरले साडेसोळा ते सतरा टन. आता खडी विकली जाते ब्रासने. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि खडीचा एक ब्रास साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरतो. चार ब्रास भरले की गाडी कायद्याच्या काठावर आली, खरं तर किंचित पलीकडेच गेली. पण मागची बॉडी बांधलेली असते सहा ब्रासची! आरटीओ टनात मोजतं, महसूल खातं ब्रासमध्ये मोजतं, बिल्डर ब्रासने पैसे देतो. या दोन मापांच्या फटीत अख्खा धंदा बसलेला आहे.

एक नमुन्याचा हिशेब मांडून बघू. आपल्या भागातले दर वेगळे असतील, ते घालून आपणही मांडा. समजा क्रशरपासून साइट 35 किलोमीटर, वाहतुकीचे ब्रासमागे 900 रुपये. चार ब्रासचे झाले 3,600. जाऊन-येऊन 70 किलोमीटरला वीस लिटर डिझेल, म्हणजे 1,800. हातात राहिले 1,800. दिवसाला तीन ट्रिप, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर 1 लाख 35 हजार. त्यातून ड्रायव्हरचा पगार-भत्ता 28 हजार, टायर-ऑइल-पाटे-ग्रीसिंग 20 हजार. उरले 87 हजार.

आता हप्ता. 35 लाखांचं कर्ज, 11 टक्के, पाच वर्षं : महिन्याला सुमारे 76 हजार. वाचून वाटेल की 11 हजार तरी शिल्लक राहतात. थांबा. पावसाळा आठवा. नदीतली वाळू 10 जून ते 30 सप्टेंबर काढताच येत नाही, मुरूम चिखलात बसतो, साइटवर गाडी रुतते. पूर्ण कामाचे महिने आठच धरा. आठ महिन्यांचे 87 हजारांप्रमाणे 6 लाख 96 हजार. हप्ते मात्र बाराच भरायचे, 9 लाख 12 हजार. दोन लाखांहून जास्त तूट, आणि यात अजून इन्शुरन्स, रोड टॅक्स, फिटनेस धरलेलंच नाही. पावसाळ्यात अधूनमधून मिळणाऱ्या ट्रिपा त्यातच जिरतात.

याच गाडीत सहा ब्रास भरले तर? 5,400 मधून डिझेलचे 2,200 गेले, ट्रिपला 3,200 राहिले. टायर आणि पाट्यांचा वाढीव खर्च धरूनही वर्षाकाठी सगळे हप्ते फेडून पाच लाखांच्या आसपास शिल्लक. म्हणजे चार ब्रास हप्त्यासाठी धावतात आणि घर चालतं ते वरच्या दोन ब्रासवर. बाजारातला 900 चा दरही त्यामुळेच 900 आहे. सगळेच सहा भरतात म्हणून चार भरणाऱ्याला कुणी जास्त देत नाही.

हेच दोन ब्रास गाडी पकडली गेली की बोलू लागतात. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20 हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2 हजार. सहा ब्रासच्या गाडीत नऊ टन तरी जास्त असतात. दंड 38 हजारांच्या घरात. हे आरटीओचं झालं. महसूलवाल्यांचा मार याहून मोठा. 2022 पासून गौण खनिज वाहणाऱ्या गाडीला जीपीएस सक्तीचा आहे आणि महाखनिज प्रणालीवरून निघणारा वाहतूक पास त्या गाडीच्या नंबराला, त्या ट्रिपला, त्या वेळेला बांधलेला असतो. पास चार ब्रासचा आणि माल सहाचा, किंवा एकाच पासवर दुसरी ट्रिप, म्हणजे तो माल विनापरवाना. जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार मालाच्या बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होतो आणि गाडी जप्त होते. डंपर सोडवायचा तर 2 लाख रुपये वेगळे, शिवाय बंधपत्र. कोणत्याही तहसील कार्यालयाच्या मागच्या आवारात चक्कर मारा. गवत वाढलेल्या, टायर बसलेल्या गाड्या दिसतील. त्यातल्या कितीतरी एकगाडी मालकांच्या असतात. दहा गाड्यावाला दुसऱ्या दिवशी पैसे भरून गाडी नेतो. एकच गाडी असलेल्याकडे दोन लाख असते तर त्याने हप्ता थकवलाच नसता. तीन हप्ते चुकले की तहसीलमधून सुटलेली गाडी फायनान्सवाला ओढून नेतो.

आम्हाला इथे एक गोष्ट खटकते. माल भरतो क्रशरचा लोडर, मागवतो कंत्राटदार, सहा ब्रास मोजून घेतो बिल्डरचा माणूस. रस्त्यावर पकडला जातो मात्र ड्रायव्हर आणि जप्त होते मालकाची गाडी. क्रशरच्या दारातच वजनकाटा आणि पासावर ब्राससोबत टनही, एवढं सक्तीने झालं तर अर्धा प्रश्न तिथेच संपेल. वाहतूकदारांच्या संघटना दंड कमी करा म्हणून निवेदनं देतात. ही मागणी त्यात वरच्या क्रमांकावर असायला हवी.

दुसरं संकट उधारीचं. जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवन मिशनचं काम केलेल्या एका तरुणाने आत्महत्या केली. त्याच्या नावावर सरकारकडे कुठलंही बिल नव्हतं, तो उपकंत्राटदार होता, असं सरकारच्या बाजूने सांगितलं गेलं. टिपरवाला तर त्याच्याही खालच्या पायरीवर उभा असतो. सरकारने कंत्राटदाराचं बिल अडवलं की कंत्राटदार याचं अडवतो, आणि याच्याकडे पुरावा म्हणून असते फक्त ट्रिपांची वही. म्हणून पहिल्या दिवशी उद्यम नोंदणी करा, फुकट होते. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असं 2006 चा कायदा सांगतो, नाही दिले तर दाद मागायची सोय आहे. पण त्यासाठी कामाचा कागद लागतो. "भाई, अपना तो जबान का काम है" म्हणणाऱ्या कंत्राटदाराकडून निदान व्हॉट्सअॅपवर दर आणि मुदत लिहून घ्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला सूरह बकराहमध्ये आहे. आपणच ती सर्वात आधी विसरतो.

ड्रायव्हरबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. डिसेंबर 2024 मध्ये पुण्याजवळ वाघोलीला फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. तिघं गेले, त्यात दोन लहान मुलं. ड्रायव्हर दारू प्यायलेला होता. ट्रिपवर पैसे मिळणारा ड्रायव्हर पळवतो, रात्री जागतो. त्याला महिन्याचा पगार द्या आणि लायसन्सची मुदत स्वतः तपासा. ती संपलेली निघाली तर इन्शुरन्स कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करू शकते, आणि ती रक्कम गाडीच्या किमतीहून मोठी असू शकते.

मग घ्यावी की नाही? वरचा हिशेब पुन्हा बघा. चार ब्रासवर धंदा बुडतो तो हप्त्यामुळे. व्याजाचा मसला प्रत्येक घराने आपल्या उलमांना विचारावा, आम्ही फतवा देणारे कोण? पण निव्वळ आकडेही भागीदारीच्याच बाजूने बोलतात. तिघांनी सहा-सहा लाख घालून 18 लाखांची चांगली वापरलेली गाडी घेतली, तर वरच्या 6 लाख 96 हजारांतून इन्शुरन्स आणि जुन्या गाडीची जादा दुरुस्ती वजा जाऊनही साडेचार-पाच लाख वाटायला राहतात, आणि तिघांपैकी जो गाडी चालवेल त्याचा पगार वेगळा. श्रीमंत कुणी होत नाही, पण रात्री झोप लागते. भागीदारीचा करार मात्र स्टॅम्पपेपरवर करा, सख्खा भाऊ असला तरी. जुनी गाडी घेताना आरसीवरचा फायनान्सचा बोजा उतरला का, ई-चलानं किती थकली आहेत, तहसीलमध्ये या नंबरावर दंड आहे का, हे बयाणा देण्याआधी पाहा.

काम निवडतानाही ब्रासऐवजी महिन्याच्या भाड्याने किंवा शिफ्टवर गाडी लावता येते का बघा. तिथे जास्त भरून मालकाला काहीच मिळत नाही, त्यामुळे तो मोहही राहत नाही.

आयकराचंही विचारतात. दहापेक्षा जास्त गाड्या नसतील तर हिशेबाच्या वह्यांशिवाय अंदाजे नफा दाखवता येतो : जड गाडीला दर टनामागे महिन्याला 1,000 रुपये. दहाचाकीला 28,500 रुपये महिना, गाडी पावसाळ्यात उभी असली तरीही.

आणि ते सोनं. बायकोला मेहरमध्ये मिळालेलं सोनं तिच्या मालकीचं आहे, घराच्या सामाईक भांडवलातलं नाही. ते घ्यायचंच असेल तर तिला विचारून, तिला भागीदार म्हणून करारात नाव घालून घ्या.

आमच्या ओळखीचे एक चाचा पंधरा वर्षं एकच गाडी चालवतात, मालक तेच आणि ड्रायव्हरही तेच. क्रशरवर माल भरला की आधी काट्यावर जातात आणि पावती पासाला टाचून ठेवतात. दोन कंत्राटदारांनी त्यांना काम देणं बंद केलं, हे ते स्वतःच सांगतात. सध्या एका शाळेच्या बांधकामावर त्यांची गाडी महिन्याच्या भाड्याने लागली आहे आणि दिवसाला दोनच ट्रिपा होतात.