बिलाच्या खिडकीपाशी दहा तास

गेल्या पावसाळ्यात माझ्या पत्नीचे पित्ताशयाचे ऑपरेशन नवी मुंबईतल्या एका खाजगी रुग्णालयात झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला डॉक्टर हसतमुखाने "आता घरी जा" असे सांगून गेले. आम्ही घरी पोचलो रात्री पावणेनऊला. मधला सगळा वेळ मी बिलाच्या खिडकीपाशी होतो. आमच्याकडे विमा नव्हता असे मुळीच नाही. दोन पॉलिसी होत्या, आणि घोळ झाला तो त्यामुळेच.

एक पॉलिसी निवृत्त बँक कर्मचाऱ्यांची सामूहिक. २०१५ च्या द्विपक्षीय करारानंतर ती सुरू झाली आणि तिचा वाढत जाणारा हप्ता आम्ही पेन्शनर स्वतःच्या खिशातून भरतो. दुसरी मुलाच्या कंपनीची, तिच्यात आईवडिलांचीही नावे. पहिलीतून काही रक्कम मंजूर झाली. खोलीचे भाडे मर्यादेपेक्षा जास्त, म्हणून त्या प्रमाणात सर्जनची फी आणि थिएटरचा खर्चही कापला गेला. (खोली महाग घेतली की टाकेही महाग पडतात, हे गणित मला अजून उमगलेले नाही.) उरलेल्या रकमेसाठी मी दुसरे कार्ड पुढे केले, तर खिडकीतला मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, एका वेळी एकच कॅशलेस. बाकीचे आता भरा आणि दुसऱ्या कंपनीकडून तुम्ही मागून घ्या."

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. त्यातली काही वाशीच्या शाखेत, बाजार समितीच्या व्यापाऱ्यांच्या गर्दीत. कांदा-बटाट्याच्या आणि मसाल्याच्या पेढ्यांवर गावोगावच्या बँकांचे चेक येत. सांगलीच्या बँकेवरचा चेक घेऊन आलेल्या माणसाला आम्ही कधी म्हटले नाही, की सांगलीला जा आणि पैसे घेऊन या. उशीर व्हायचा, कधी पंधरा-पंधरा दिवस, शिव्याही खाल्ल्या. पण दोन बँकांमधला हिशेब बँकांनी आपसात मिटवायचा, ग्राहकाने चेक भरून घरी जायचे, हे ठरलेले होते. त्यासाठी क्लिअरिंग हाऊस होते आणि त्यामागे नियम होते. आम्ही काही फार परोपकारी होतो म्हणून ते चालत नव्हते.

आरोग्य विम्यात असा नियम नाही काय? आहे. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २९ मे २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकात तो स्पष्ट आहे. एकापेक्षा अधिक पॉलिसी असतील तर कोणत्या पॉलिसीवर आधी दावा करायचा हे विमेदाराने ठरवायचे, आणि उरलेली रक्कम दुसऱ्या कंपनीकडून मिळवून देण्यासाठी पहिल्या कंपनीने समन्वय करायचा. कॅशलेसची परवानगी एका तासात, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्यापुढे उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायचा. वाचून मन प्रसन्न होते.

मग माझे दहा तास गेले कुठे? ते तीन तास मोजायचे रुग्णालयाकडून विनंती पोचल्यापासून. आमचे अंतिम बिल खिडकीतून निघाले दुपारी सव्वाचारला. बिल किती वाजता पाठवायचे हे रुग्णालयाला सांगणे आयआरडीएआयच्या हाती नाही. आपल्या घटनेत विमा हा विषय केंद्राच्या सूचीत आहे आणि रुग्णालये राज्याच्या. कंपनीचा धनी हैदराबादेत, रुग्णालयाचा मुंबईत, आणि रुग्ण दोघांच्या मधल्या बाकावर सलाइनची पट्टी सोडवत बसलेला.

महाराष्ट्राने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा आपण स्वीकारला नाही, पण १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालील नियम २०२१ मध्ये सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि १५ बाबींचे दरपत्रक लावणे बंधनकारक झाले. बिलापायी मृतदेह अडवून ठेवण्याला मनाई झाली. ती सनद मी त्या दिवशी निवांत वाचली. वॉटर कूलरच्या मागे होती. डिस्चार्जच्या वेळेबद्दल तिच्यात अक्षर नव्हते.

आणि हा प्रश्न माझ्यासारख्या पेन्शनरापुरता नाही. नवी मुंबईच्या एकाच घरात हल्ली तीन-चार छत्र्या असतात. बाप रबाळे-तुर्भ्याच्या कारखान्यात, पगार २१ हजारांच्या आत म्हणून कामगार विम्यात. मुलगी ऐरोलीच्या आयटी कंपनीत, तिची सामूहिक पॉलिसी. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना २०२४ पासून आयुष्मान कार्ड. शिवाय राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. छत्र्या इतक्या आणि भिजायचे ते भिजायचेच, कारण कोणती कधी उघडायची हे दाखल होताना कोणी सांगत नाही.

डॉक्टर मंडळींचे म्हणणेही ऐकले पाहिजे. घणसोली-कोपरखैरण्यातले दहा-पंधरा खाटांचे नर्सिंग होम विमा कंपनीच्या पैशांची वाट पाहत महिनोन् महिने तग धरू शकत नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा खाजगी डॉक्टर संपावर गेले, त्यात तातडीच्या उपचारांचे पैसे कोण आणि कधी देणार ही धास्ती मोठी होती. तेव्हा रुग्णालयाला घड्याळ लावायचे तर कंपनीच्या देण्यालाही लावावे लागेल, आणि ते केंद्राने लावायचे. दोघांनी एकत्र बसल्याशिवाय हे होणार नाही.

राज्याला मात्र आपल्या वाट्याचे काम उद्याही सुरू करता येईल. २०२१ मध्ये नवा कायदा लागला नव्हता, नियम सुधारले होते. दाखल करतानाच सगळ्या पॉलिसींची नोंद घ्यायची, डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिल्यापासून ठरावीक तासांत अंतिम बिल पाठवायचे, आणि ती वेळ बिलावर छापायची, एवढे तीन नियम पुरेत. नर्सिंग होमच्या नोंदणीचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण होते आणि इथे ते महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आहे. त्या अर्जात सरासरी डिस्चार्जच्या वेळेचा एक रकाना वाढवायला जागा नक्की असेल.


माझा दुसरा दावा त्रेपन्न दिवसांनी मंजूर झाला, हातमोजे आणि मास्कचे पैसे वजा जाता.