नारोशंकराच्या घंटेचे पूर्वायुष्य

विंचूरकरांच्या वाड्याच्या सावलीत ज्यांचे बालपण गेले, त्या आम्हा मंडळींना पेशवाईचा अभिमान कोणी शिकवावा लागत नाही. म्हणूनच नाशिकास गेलो की गोदातीरी रामेश्वराच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या नारोशंकराच्या, देवळापुढे उभे राहून ‘चिमाजीअप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या फत्तेची ही घंटा’ असे बरोबरच्या पोरांना सांगणे आमच्या अंगवळणी पडले आहे. सांगून झाले की आम्ही भेळीकडे वळतो.

हे वळणेच मला खटकते. घंटेवर 1721 हे साल आहे. म्हणजे वसई पडण्याच्या अठरा वर्षे आधी ती ओतली गेली, आणि तेवढा काळ पोर्तुगीजांच्या चर्चमध्ये ती मुकी खचित नव्हती. कॅथलिक परंपरेत नवी घंटा मनोऱ्यात चढविण्यापूर्वी बिशप ती आशीर्वादित जलाने धूत, बाहेरून सात व आतून चार ठिकाणी पवित्र तेलाने क्रूसाची खूण करीत, आणि तिला बहुधा एखाद्या संताचे नाव ठेवीत. लौकिकात या सोहळ्याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत. पुढे त्रिकाळ मरियेच्या प्रार्थनेसाठी, आणि कोणी निवर्तले तर संथ टोलांनी, ती साऱ्या गावाशी बोले. आपल्या देवळात मात्र भक्त स्वतः हात उंचावून, आपण आल्याची देवास वर्दी देतो.

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर नाना फडणिसांच्या काळापासून अशीच जी पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर 1707 साल व बालयेशूसह मरियेची आकृती आहे. ती कोणी तासून टाकली नाही. हे पूर्वजांचे औदार्य की निव्वळ बेफिकिरी, याचा निवाडा माझ्याने होत नाही.

घंटा परत द्यावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पुराचे पाणी घंटेपर्यंत चढले काय, यावरून गोदावरीचा रोष जोखणारे नाशिककर ती सोडणार नाहीत, आणि सोडूही नये. मागणे इतकेच, की तिच्याखाली एक मराठी फलक असावा आणि त्यावर फत्तेच्या आधीचीही दोन वाक्ये असावीत. त्याचा खर्च विंचूरहून निघालेल्या कांद्याच्या एका ट्रकच्या भाड्याहून अधिक येऊ नये. अर्ज मी लिहून ठेवला आहे. तो कोणत्या कचेरीत दाखल करावा, एवढेच मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.