‘नाही’ म्हणणारा गाईड शोधा

डिसेंबर जवळ आला, की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॅनकूनचे बेत शिजायला लागतात. बाहेर थंडी, ऑफिसला सुट्टी, पोरांच्या शाळा बंद. शिवाय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असला, की मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. चार-पाच कुटुंबं मिळून रिसॉर्ट बुक होतं. मग कोणीतरी फोटो टाकतं: गुहेतलं निळंशार पाणी, वरून उतरणारे उन्हाचे झोत आणि मधोमध तरंगणारा पाणबुड्या. खाली लगेच प्रश्न येतात, "हे कुठंय? आणि सगळ्यात स्वस्त कोण नेतं?"

मला बोलायचंय ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

हे फोटो सेनोतेंचे. युकातान द्वीपकल्प म्हणजे चुनखडीचा एक प्रचंड सपाट तुकडा. इथे पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि दगड विरघळवत खालून वाहतं. गुहेचं छत जिथे कोसळलं, तिथे विहिरीसारखं तोंड उघडलं. ते म्हणजे सेनोते. मूळ शब्द माया लोकांचा, स्पॅनिश लोकांनी तो आपल्या जिभेवर वळवून घेतला. तुलुमजवळच्या साक आक्तुन आणि दोस ओहोस या दोन गुहा पाण्याखालून जोडलेल्या आहेत, हे २०१८ च्या जानेवारीत सिद्ध झालं, तेव्हा त्यांची मोजलेली लांबी भरली ३४७ किलोमीटर. मुंबईहून पुण्याला जाऊन परत आलात तरी एवढं अंतर होत नाही! आत छतापासून लोंबणारे दगडी झुंबरासारखे आकार आहेत. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती, गुहा कोरड्या होत्या, तेव्हा थेंबाथेंबाने ते तयार झाले. मी यातल्या काही ठिकाणी डाइव्ह केली आहे. चाक मोलसारख्या सेनोतेत वरचं गोडं पाणी आणि खालचं खारं पाणी जिथे भेटतं, तिथे चष्म्याला तेल लागल्यासारखं सगळं अंधुक होतं आणि दोन हात खाली गेलं, की पुन्हा लख्ख. पाहण्यासारखंच आहे. जाऊ नका, असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण समुद्रातली डाइव्ह वेगळी आणि ही वेगळी. आपल्याकडे गावातली पोरं कमरेला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. घाबरलं, की हातपाय मारून डोकं वर काढायचं, वर आकाश असतंच. समुद्रातही काही बिनसलं, तर सावकाश वर यायचा मार्ग मोकळा असतो. केव्हर्नमध्ये मात्र डोक्यावर दगड असतो. आधी आडवं पोहत उघड्या तोंडापर्यंत यायचं आणि मग वर. त्यात पायातल्या फिनचा एक फटका तळाला बसला, की बारीक गाळ उठतो आणि आत्तापर्यंत काचेसारखं दिसणाऱ्या पाण्यात स्वतःचा हातही दिसेनासा होतो.

म्हणून नियम आहेत, आणि ते कोणाच्या टेबलावर बसून सुचलेले नाहीत. शेक एक्सले नावाच्या अमेरिकन गुहा-पाणबुड्याने गुहांमधल्या मृत्यूंचा अभ्यास करून १९७९ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली. कारणं तीच ती निघाली: बाहेरपर्यंत सलग दोरी नव्हती, परतीसाठी पुरेशी हवा राखली नव्हती, फार खोल गेले होते. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला, की आम्ही दुसऱ्या दिवशी बसून कारणांची यादी करतो. त्याने तेच केलं, फक्त त्याच्या यादीतल्या प्रत्येक ओळीमागे माणूस गेलेला होता. पुढे १९९४ मध्ये मेक्सिकोतल्याच साकातोन या खोल कुंडात विक्रमाचा प्रयत्न करताना एक्सले स्वतःही गेला. अनुभव कितीही असो, पाणी सवलत देत नाही.

केव्हर्न म्हणजे गुहेचा फक्त तोंडाजवळचा, जिथून दिवसाचा उजेड दिसतो तेवढाच भाग. तुलुमच्या पट्ट्यात साधारण पाळला जाणारा नियम असा: जवळच्या मोकळ्या पृष्ठभागापासून ६० मीटरपेक्षा लांब जायचं नाही, सलग दोरी सोडायची नाही आणि एका गाईडमागे जास्तीत जास्त चार जण. हवेचा हिशोब तिसऱ्या हिश्श्याचा. टाकीत २१० बार असेल, तर ७० जायला, ७० यायला आणि ७० राखीव. हा राखीव हिस्सा कशाला? समजा, सगळ्यात लांबच्या टोकाला जोडीदाराची हवा बंद पडली. तुमच्याकडे १४० आहे, त्यात दोघांनी ७०-७० वर बाहेर यायचं. हिशोब बरोब्बर जुळतो, पण निवांत श्वास घेतला तरच. घाबरलेला माणूस दुप्पट हवा ओढतो. म्हणजे नियम पाळूनही हाताशी फार काही उरत नाही, मग मोडल्यावर काय?

आता पुन्हा त्या स्वस्ताच्या प्रश्नाकडे येऊ. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपमधल्या सहा जणांकडे ओपन वॉटरचं सर्टिफिकेट होतं. एका दुकानदाराने फोनवर सांगितलं, "सहा जण? काही प्रॉब्लेम नाही, एकच गाईड देतो, डिस्काउंटही देतो." दुसऱ्याने आधी उलटतपासणी घेतली. शेवटची डाइव्ह कधी केलीत? एकूण किती झाल्यात? दमा, हृदयाचा त्रास, काही औषधं? आणि मग सांगितलं, की सहा जणांना दोन गाईड लागतील, आणि ज्याने तीन वर्षांत पाण्यात पाय घातलेला नाही, त्याला आधी समुद्रात एक सोपी डाइव्ह करावी लागेल. तिथे तरंगणं जमलं, तरच केव्हर्न. ग्रुपवर कुरकुर झाली. "गिऱ्हाईक आपण, आणि अटी यांच्या?" माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे, की पैसे द्यायचे ते या दुसऱ्यालाच. आम्ही त्याच्याकडेच गेलो.

घासाघीस करण्यात आपण पटाईत, आणि भाजीबाजारात ते ठीकच आहे. पण इथे किंमत कमी होते ती नेमकी कशातून? दगड तेच, पाणी तेच, प्रवेशाचं तिकीट तेच. कमी करता येतो तो एक माणूस, म्हणजे दुसरा गाईड.

"पण त्या दुकानाला पाच स्टार आहेत," असं कोणीतरी म्हणतंच. अहो, स्टार कोण देतं? जे मजेत बाहेर आले ते. दोरी टाकली नव्हती, हवेचा हिशोब नव्हता, तरी दहापैकी दहा डाइव्ह छान होऊ शकतात. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको: सगळं सुरळीत असताना प्रोग्राम चालतो, यावरून तो चांगला लिहिलाय हे ठरत नाही. स्टार पाहा, पण त्याखालची वाक्यं वाचा. ‘गाईडने आम्हाला मध्येच परत फिरवलं’ अशी तक्रार दिसली, तर मला ते दुकान जास्त आवडतं.

फोनवर विचारायचे प्रश्न मोजके आहेत. गाईडकडे पूर्ण गुहा-डायव्हिंगचं प्रशिक्षण आहे का, की तो समुद्रातला इन्स्ट्रक्टर आहे? एका गाईडमागे किती जण? कोणत्या आकड्यावर परत फिरायचं? प्रत्येकाला टॉर्च मिळेल का? तिथे पोहोचल्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. बरेच चांगले गाईड दोन टाक्या घेऊन उतरतात आणि पाण्यात शिरण्याआधी हातांच्या खुणा, टॉर्चच्या खुणा, दोरीचे नियम शांतपणे समजावतात. गुहेच्या आत यमदूताचं चित्र काढलेली पाटी दिसेल: इथून पुढे जाऊ नका. गाईडने ‘या, पाच मिनिटं पुढे जाऊन येऊ’ म्हटलं तरी तिथे थांबायचं.

भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठीही दोन शब्द. "आम्ही तारकर्लीला केलंय की स्कूबा!" असं मावसभाऊ उत्साहाने सांगतो. तिथे इन्स्ट्रक्टर आपल्याला धरून खाली नेतो, मासे दाखवतो, वर आणतो. अनुभव छानच, पण ते प्रशिक्षण नव्हे. अशा पाहुण्याला केव्हर्नमध्ये न्यायला तयार होणारा दुकानदार दिसला, तर तिथून निघा. सेनोतेच्या तोंडाशी स्नॉर्केल लावून तरंगता येतं, उन्हाचे झोत तिथूनही दिसतात. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्या, त्यामुळे परतीच्या आदल्या दिवशी डाइव्ह ठेवताना वेळ मोजा.

पाण्याखाली ज्याच्या हातात आपला जीव द्यायचा, तो आपल्याला खूश ठेवणारा असून चालत नाही. बुकिंगआधी एकदा फोन करा, वरचे प्रश्न विचारा आणि जमलं तर नियमात न बसणारी एखादी मागणीही करून पाहा. पलीकडून स्वच्छ ‘नाही’ ऐकू आलं, तर बिनधास्त कार्ड काढा.