समजून घ्या : बांबूचा भाव कोण ठरवतो? मंठ्याचा त्याच्याशी काय संबंध?

जालना जिल्ह्यात जंगल फारच कमी. त्यामुळे वनहक्क, बांबू, तेंदूपत्ता हे मंठ्यातल्या वाचकाला गडचिरोलीचे विषय वाटतात. पण बांबू आता शेताच्या बांधावर आला आहे.

मेंढा-लेखाचा धडा
गडचिरोलीतील धानोरा तालुक्याच्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायदा, २००६ खाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेकडे आले आणि गाव स्वतः बांबू विकू लागले. जंगल तेच, बांबू तोच; बदलली ती परवान्यावरची सही.

करही भाव पाडतो
तेंदूपत्त्यावर जुलै २०१७ पासून १८ टक्के जीएसटी होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. कर भरतो खरेदीदार, पण बोली लावताना तो हिशेबात धरतो. खरेदीदार मोजकेच असले, की हा भार पाने तोडणाऱ्यांपर्यंत पोहोचतो.

मंठ्यात काय लागू?
जालन्यात अनुसूचित क्षेत्र नसल्याने १९९६ चा पेसा कायदा लागू नाही. वनहक्क कायदा वनजमिनीवर लागू होतो. मात्र बिगर-आदिवासी दावेदाराला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास व जंगलावरचे अवलंबित्व दाखवावे लागते.

शेतकऱ्यासाठी थेट बदल २०१७ चा. भारतीय वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला. त्यामुळे शेतातला बांबू तोडायला आणि न्यायला या कायद्याखाली वनखात्याचा परवाना लागत नाही.

मग अडचण कुठे?
परवाना गेला म्हणून गिऱ्हाईक आले, असे होत नाही. बांबू पहिल्या तोडीला येण्यात काही वर्षे जातात. माल अवजड, खरेदीदार लांब असेल तर भाडेच नफा खाते. म्हणून अनुदानावर रोपे वाटून सरकारची जबाबदारी संपत नाही. तालुक्याच्या आवाक्यात खरेदी केंद्र आणि आधी जाहीर केलेला दर हवा. तोवर शेतकऱ्याने लागवडीआधी तीन गोष्टी विचाराव्यात : घेणार कोण, कुठे आणि वाहतूक कोणाच्या खर्चाने? उत्तर लेखी मिळाले तरच खड्डे घ्यावेत.