पॅकिंग्टन यांचा कायदा आणि जमीनदारांचं न्यायासन

सर जॉन पॅकिंग्टन यांनी १८४७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटकडून एक छोटा कायदा संमत करून घेतला. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाची साधी चोरी असेल, तर दोन मॅजिस्ट्रेटांना ज्युरीशिवाय ताबडतोब निकाल देता येई. त्याआधी किरकोळ चोरीचाही खटला वरच्या कोर्टाकडे जाई, आणि परगण्याचं ते कोर्ट तीन महिन्यांतून एकदा भरे. जामीन मिळाला नाही तर पोर तोवर तुरुंगात, सराईत गुन्हेगारांच्या संगतीत.

पॅकिंग्टन स्वतः वूस्टरशरचे जमीनदार, त्याच कोर्टाचे वर्षानुवर्षं अध्यक्ष आणि १८३७ पासून ड्रॉइटविचचे खासदार. धान्यावरची जकात टिकावी म्हणून झगडणारा हा हुजूरपक्षीय माणूस १८५५ मध्ये मात्र शाळांसाठी स्थानिक कर बसवा म्हणून विधेयक आणतो. ते बारगळलं. स्थानिक करातून शाळा चालवण्याची तरतूद कायद्यात यायला १८७० उजाडलं. न्यायासनावरून दिसलेलं दुःख संसदेत नेणारा असा माणूस मला मोठा वाटतो. परगण्याच्या मॅजिस्ट्रेटांना पगार नव्हता, हेही त्यांच्या बाजूने मांडलं पाहिजे.

पण त्या आसनावर बसायचं तर जमिनीचं वर्षाला किमान शंभर पौंड उत्पन्न लागे. चोरून ससा मारणारा मजूर ज्याच्यासमोर उभा राही, तो बहुधा शेजारच्या रानाचा मालक. ससा त्याचा नसेल, पण शिकारीचा हक्क त्यालाही तितकाच प्यारा. अशा माणसाकडून त्या मजुराने निःपक्षपातीपणाची अपेक्षा कशाच्या भरवशावर करावी? आणि पॅकिंग्टन यांच्या कायद्याने मुलांचं तुरुंगातलं वाट पाहणं टाळलं, तशी मुलाने हरकत घेतली नाही तर ज्युरीही बाजूला सारली. मुलग्यांना फटके मारण्याचा अधिकार याच वर्गाच्या हाती दिला.

तरीही तो कायदा योग्य होता, असंच मी म्हणेन. मुलाला तीन महिने कोंडून ठेवणारी ज्युरी त्याच्या काय कामाची? चूक होती ती मॅजिस्ट्रेट निवडण्याच्या रीतीत, आणि पॅकिंग्टन यांची कर्तबगारी त्या रीतीचं समर्थन ठरू शकत नाही. १८८८ च्या कायद्याने परगण्याचा कारभार निवडून आलेल्या मंडळांकडे गेला, मॅजिस्ट्रेटांसाठीची मालमत्तेची अट मात्र १९०६ पर्यंत टिकली. ती १८८८ मध्येच जायला हवी होती.