हेमलॉकचा पेला आणि भाषांतरकारांचें डांबर

ख्रिस्तपूर्व ३९९ मध्यें सॉक्रेटिसानें घेतलेला विषाचा पेला कोणा वृक्षाच्या रसाचा होता, असें एका भाषांतरांत छापलेलें पाहून आम्ही थक्क झालों. तें हेमलॉक म्हणजे गाजर-कोथिंबिरीच्या कुळांतलें, पोकळ दांड्यावर जांभळे ठिपके असलेलें एक रोप. त्यांतील कोनीन नामक विषानें शरीर पायांपासून वर वर लुळें पडत जातें. अमेरिकेंतला हेमलॉक वृक्ष हा देवदाराचा भाऊबंद. त्याच्या सालीनें कातडीं कमावीत. चुरगळलेल्या पानांचा वास त्या विषारी रोपासारखा वाटला, एवढाच बिचाऱ्याचा अपराध!

कोशांत एकच शब्द मिळाला, हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. ह्याच वृक्षाच्या बुंध्यांतून पाझरणाऱ्या राळेस हे गृहस्थ ‘डांबर’ म्हणतात! सडकेवरचें डांबर खनिज तेलाच्या गाळाचें असतें. कोणी ‘डिंक’ म्हणतात. पण डिंक पाण्यांत विरतो, राळ विरत नाहीं, हें कोणताहि वाणी सांगेल.

जपानांतून गेलेल्या एका कापशी किडीनें पूर्व अमेरिकेंतले हे वृक्ष आज वाळत आहेत. ती वार्ता इकडे ‘विषवृक्षास कीड’ अशा मथळ्याखालीं न छापली जावो.